घरचं कापड

अबेनीकडे अजून कापड आलं नव्हतं.

तिनुकेच्या मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं, लग्नात घालायचं तिनुकेचं कापड अर्ध्या इबादान शहरात पोचलं होतं, आणि अबेनीकडे नव्हतं. बरं, दुर्लक्ष करावं म्हटलं तरी तशी सोय नव्हती. अबेनी शिंपीण. शहरातल्या मोकोला भागात तिचं दुकान, दोन पायमशिनं, एक उभा आरसा आणि आरशाच्या काचेला कडेकडेने खोचलेले मापांचे कागद. लग्नाला जाणारी एकूण एक बाई आपलं कापड काखोटीला मारून तिच्याच दारात येत होती. कुणाला कुठला रंग मिळाला, म्हणजे तिनुकेने कुणाला कुठे बसवलं, हे नवरीच्या बापाच्याही आधी अबेनीला कळत होतं.

कांदेसाली रंगाची लेस म्हणजे घरचं कापड. ते नवरीच्या मावश्यांना, आत्यांना, काकूंना. मोरपंखी मैत्रिणींना. पिस्ता रंग नवऱ्यामुलाकडच्या मंडळींना. उरलेल्यांनी, म्हणजे शेजारपाजार, ऑफिसातले, ओळखीपाळखीचे, त्यांनी काय वाटेल ते ल्यावं, फक्त डोक्याचा फेटा डाळिंबी बांधावा. ज्याचा जो रंग तिथे त्याची खुर्ची. आणि ज्याला रंगच दिलेला नाही, त्याला खुर्ची कुठली?

"येईल गं," तिचा नवरा म्हणाला. तो रेडिओ दुरुस्त करायचा आणि बायकोचा राग रेडिओच्या खरखरीइतकाच मनावर घ्यायचा. "लग्नघर आहे. हजार कामं. तुझं तर काय, तू घरचीच."

"घरची म्हणूनच विचारते. घरच्यांना वाटून पंधरा दिवस झाले."

"मग जाऊन विचार."

"मी? मी जाऊन विचारू?" अबेनीने हातातली कात्री अशी आपटली की टेबलावरच्या टाचण्या उडाल्या. "लोकांनी म्हणावं, तीस वर्षांची मैत्रीण आणि कापड मागायला दारात उभी! मेले तरी जायची नाही."

"लग्न तिच्या मुलीचं आणि ताप तुझ्या अंगात," असं पुटपुटत तिचा नवरा आपल्या रेडिओकडे वळला.

अबेनी आणि तिनुके एकाच बाकावर बसून शिवण शिकल्या होत्या. पहिली कमाई हातात पडली तेव्हा तिनुकेने निळीत रंगवलेलं कापड आणलं होतं, ते दोघींपुरतं. तिने विचारलं नव्हतं, अबेनीनेही विचारलं नव्हतं. गठ्ठा समोर टाकला, अबेनीने तो मधोमध कापला आणि दोघींनी दोन झगे शिवले. जिवलग मैत्रिणींनी असं एका कापडाचं शिवून घालणं म्हणजे आंको; शहरातल्या पोरी करतातच. पण या दोघींचं आंको पोरवयापुरतं राहिलं नाही. अबेनीची ईद आणि तिनुकेचा नाताळ, दोन्हींना दोघी एका कापडात. जिच्या हाताला कापड लागेल तिने दुप्पट घ्यायचं, बोलायचं काही नाही. बाजारात लोक त्यांना जुळ्या म्हणायचे. तिनुकेची येतुंदे झाली तेव्हा तिनुके दोन महिने अंथरुणावर होती. त्या पोरीला अबेनीने आपल्या पाठीशी बांधून मशीन चालवलं होतं, आणि बांधलं होतं तेही त्याच निळ्या कापडात. आता ती येतुंदे नवरी होत होती.

पण मधल्या काळात तिनुकेचा नवरा सरकारी खात्यात वर चढला, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला फाटकाचं घर झालं. फाटकाच्या आत वेगळ्या मैत्रिणी असतात. गेल्या तीन वर्षांत ना ईदला निरोप आला ना नाताळला. अबेनीनेही पाठवला नाही. मी का पाठवू, ती पाठवत नाही तर?

अशात मिसेस अजिबादे आली.

गाडी थेट दुकानाच्या पायरीला लागली. बँकेतल्या कुणा मोठ्या साहेबाची ही बायको, तिनुकेची नवी शेजारीण. अबेनीपेक्षा बारा-एक वर्षांनी लहान, तेव्हा रीतीप्रमाणे तिने गुडघे टेकून नमस्कार करायचा. तिने गुडघा किंचित वाकवला आणि जमीन लागायच्या आत सरळ केला. अबेनीने ते बरोबर पाहिलं.

"इया लान्रे," अबेनीला सगळे मुलाच्या नावाने, लान्रेची आई, अशीच हाक मारत, "तिनुके म्हणाली, लेस कापायची तर फक्त तुमच्याच हातात द्यायची. असा हात अख्ख्या इबादानात नाही म्हणे."

"असं म्हणाली?" अबेनी जरा विरघळली.

"अगदी असंच!" आणि बाईने पिशवीतून लेस काढून टेबलावर पसरली. कांदेसाली.

अबेनीला वाटलं, उन्हात रंग फसवतोय. तिने लेस उचलून सावलीत नेली. सावलीतही ती कांदेसालीच होती.

"हे... तुम्हाला हे कुणी दिलं?"

"कुणी म्हणजे? तिनुकेने. बहिणीसारखीच मानते हो मला."

"किती दिवसांची ओळख तुमची?"

"झालं की आता दीड वर्ष!"

दीड वर्ष. अबेनीच्या दुकानातली टाचण्यांची उशी त्याहून जुनी होती.

"आणि तुमचा रंग कुठला?" मिसेस अजिबादेने आरशात आपला फेटा सारखा करत विचारलं.

"माझं यायचंय."

"अजून यायचंय? मोरपंखी तर संपलं म्हणत होते." बाई वळली आणि खरोखरच्या काळजीने म्हणाली, "विचारते हां मी तिनुकेला. तुमची आठवण करून देते."

माझी आठवण! तिनुकेला! आणि करून देणार कोण, तर ही! अबेनीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने टेप ओढला आणि बाईचं माप घ्यायला लागली. छाती, कंबर, दंड. टेप जरा जास्तच आवळला जात होता. "श्वास घेऊ का?" बाईने हसत विचारलं. "घ्या की," अबेनी म्हणाली, "कुणी अडवलंय?"

त्या रात्री ती जेवली नाही. तिला आता काही काही आठवायला लागलं. तिनुकेच्या आईच्या मयताला कोण रडलं होतं घसा फुटेस्तोवर? तिनुकेचा नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागला तेव्हा तिच्याबरोबर त्या बाईच्या दारात जाऊन चप्पल कुणी काढली होती? तेव्हा कुठे होती ही बँकवाली? मत्सर हा फार हुशार कारकून असतो; नेमके हवे तेच कागद वर काढतो. तिनुकेने तिच्यासाठी केलेलं एकही काम त्या रात्री वर आलं नाही.

मिसेस अजिबादेचं पोलकं तिने तीन दिवसांत शिवलं. बाहेरून पाहाल तर बोट लावायला जागा नाही. गळा सुरेख, बाह्या लेसच्या नक्षीवर नक्षी जुळवून बसवलेल्या. पण उजव्या काखेतली टीप तिने मोठी मारली, टाका सैल सोडला आणि आत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेवलीच नाही. बाई दोन्ही हात खाली ठेवून बसली तर पोलकं दहा वर्षं टिकलं असतं. पण लग्नात नाचायचं म्हणजे हात वर करावाच लागतो. अबेनीने असलं काम आयुष्यात केलं नव्हतं. करताना तिला वाईट वाटलं नाही, हे मी तिची बाजू सोडून सांगतो.

पुढच्या आठवड्यात तिनुकेची धाकटी बहीण बोसे आली. गाडीच्या मागच्या सीटवर कापडाचा गठ्ठा होता, तो तिला आणि ड्रायव्हरला दोघांना मिळून आत आणावा लागला. तो आत येत असताना अबेनीने घाईघाईने टेबल मोकळं केलं. आलं. शेवटी आलं माझं.

बोसेने गाठ सैल केली. आत हातमागाच्या अरुंद पट्ट्या होत्या, गर्द निळीच्या रंगाच्या, त्यावर फिकट बारीक रेषा. एतू. जुन्या लोकांचं मानाचं कापड. असं काम आता इसेयिन गावातले दोन-चार विणकरच करतात.

"ताईचं आहे," बोसे म्हणाली. "नवरीच्या आईचं. त्या दिवशी निळं दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही. येतुंदे किती कुरकुरली, म्हणाली, जांभळं घे आई, हे काय म्हातारं निळं! पण ताई ऐकेल तर शपथ. निळंच पाहिजे. विणकराकडे तीन खेपा घातल्या तिने."

"छान," अबेनी म्हणाली.

"माप तुझ्याकडे आहेच म्हणाली. आणि बाकीचं तुला सांगायला नको, असं म्हणाली."

"मला कशाला सांगायला हवं? शिंपिणीला कापड दिलं की झालं."

बोसे हसली, गुडघे टेकून नीट नमस्कार केला आणि गेली. तिच्या हसण्यातही अबेनीला खोट दिसली.

मग ती गठ्ठ्यासमोर बसून राहिली. निळं. सगळ्या रंगांतून तिनुकेने निळं काढलं होतं, आणि ते एकटीसाठी. घरचं कापड दिलं नाही, चालेल. मोरपंखी दिलं नाही, तेही गिळलं. पण निळं तर दोघींचं होतं! ते हिने उचललं, एकटीच्या अंगाला लावलं, आणि वर शिवायला माझ्याकडेच पाठवलं. म्हणजे मी बसून टाके घालायचे आणि मग डाळिंबी फेटा बांधून मागच्या रांगेत, त्या ऑफिसातल्यांच्यात, टाळ्या वाजवायच्या.

दुसरं कुठलंही काम असतं तर अबेनीने आधी पट्ट्या मोजल्या असत्या. पट्ट्या मोजल्याशिवाय ती हातमागाच्या कापडाला कात्री लावत नसे. शिवण शिकवणाऱ्या मालकिणीने बाकावर बसवून शिकवलेला पहिला धडाच तो. पण या गठ्ठ्याकडे तिला धड बघवतही नव्हतं. लागेल तशी पट्टी खालून ओढायची, काठाला काठ जोडायचा आणि पुढची ओढायची. कमरेचं नेसण झालं, पोलकं झालं, फेटा झाला, खांद्यावरचा शेला झाला. तिनुकेच्या कपड्यात मात्र तिने काही वाकडं केलं नाही. करायचं मनात आलं होतं. हात मानला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तिने शेवटचा दोरा तोडला, आणि सहज गठ्ठ्याकडे पाहिलं. अर्धा गठ्ठा अजून तसाच उभा होता.

आता हे कुठल्याही शहाण्या बाईच्या लक्षात आलं असतं. पण अबेनी त्या महिन्यात शहाणी नव्हती. तिला एकच सुचलं. एवढं जास्तीचं का घेतलं? विणकराकडे निळ्याची एक पट्टीसुद्धा उरायला नको, दुसऱ्या कुणी शिवून आणायला नको, म्हणून. सगळं उचललं! केवढा हा हावरटपणा! केवढा हा तोरा!

आणि तिथेच, त्या उन्हाने तापलेल्या दुकानात, तिचं ठरलं. शिंपिणीकडे वीतभर तुकडा उरतो, तो ती ठेवून घेते. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. पूर्ण पोशाख उरतो आणि ती ठेवून घेते, त्याला सगळं जग चोरीच म्हणतं. म्हणू दे. तिनुकेच्या मुलीच्या लग्नात, कांदेसाली आणि मोरपंखी आणि पिस्त्याच्या गर्दीत, ती नवरीच्या आईचंच निळं घालून जाणार होती. बोलावल्याशिवाय, दिल्याशिवाय. सगळ्यांसमोर तिनुकेचं तोंड बघायचं होतं तिला. एक वाक्यही तयार झालं: "तू विसरलीस, म्हणून मीच आले आठवण करून द्यायला."

दुकानाचा पडदा ओढून तिने रोज दुपारी आपलं शिवलं. तिनुकेचं पोलकं साधं होतं. आपल्या पोलक्याच्या गळ्याला तिने चंदेरी धाग्याची वेल काढली. शेला हातभर लांब ठेवला. शिवताना ती ते वाक्य म्हणून बघायची. कधी हळू, कधी ठासून.

बोसे कपडे न्यायला आली तेव्हा निळा पोशाख घडी घालून तयार होता, आणि दुसरा आतल्या पेटीत होता.

"आणि तुझं?" बोसेने विचारलं. "तुझं शिवून झालं?"

काय धिटाई! द्यायचं काही नाही आणि वर विचारायचं. "माझं मी बघते," अबेनी म्हणाली.

"बरं बाई, नको दाखवू," म्हणत बोसे पुन्हा तसंच हसली.

लग्नाच्या शनिवारी सकाळी उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला होता आणि सगळ्या शहरावर धुळीचा पडदा होता. अबेनीने फेटा तीनदा बांधला, तीनदा सोडला. सवयीप्रमाणे दोरा ओवलेली सुई फेट्याच्या आत खोचली. लान्रेचे बाबा दारात येऊन थबकले.

"हा रंग कुठला? तिकडे तर सगळा कांदा चाललाय ना?"

"कापड उरलं होतं."

"उरलं?" त्यांनी तिला खालून वर पाहिलं. "एवढं? मग माझी टोपी पण काढायचीस त्यातून."

"तुम्ही गप्प बसाल का?"

पण वाटेत टॅक्सीत ते एकदा म्हणाले, "लान्रेच्या आई, भांडायला चाललो असू तर आधी जेवू हं. अमालाचा गोळा गरम असतानाच खावा."

फाटकाबाहेरच्या रस्त्यावर मांडव घातला होता. डावीकडे पुढे कांदेसालीचा ताटवा, मागे मोरपंखी, उजवीकडे पिस्ता. दारातल्या पोरीने पाहुण्यांचे कपडे बघत बघत हाताने दिशा दाखवायची, एवढंच तिचं काम. तिने अबेनीकडे पाहिलं आणि तिचा हात हवेतच राहिला.

"मावशी, तुम्ही... कुणाकडच्या?"

अबेनी थांबली नाही. सरळ मधल्या वाटेने चालत गेली. मोरपंखी रांगांतली कुजबुज तिच्याबरोबर पुढे सरकत होती. मान तिने ताठ ठेवली होती.

मुलीकडच्या बाजूने बोलायला पैसे देऊन एक बाई आणली होती; ती माईक हातात धरून सकाळपासून नवऱ्यामुलाच्या लोकांची फिरकी घेत होती. तिच्या नजरेतून असलं काही सुटतं थोडंच!

"थांबा! ढोल थांबवा!" ती ओरडली. "अहो, नवरीच्या आईला मी आत्ता आत फेटा बांधताना सोडून आले. मग ही बाहेरून कुठली आली? आमच्या नवरीला आया तरी किती?"

मांडव हसला. चारशे माणसं एकदम वळली. पहिल्या रांगेत मिसेस अजिबादे तोंडावर हात ठेवून बघत होती. अबेनी जिथे होती तिथे उभी राहिली आणि मनातल्या मनात आपलं वाक्य पुन्हा एकदा चाचपून घेतलं.

तेवढ्यात घराच्या दारात तिनुके आली. निळ्यात. मधली सगळी माणसं कांदेसाली, आणि दोन टोकांना दोघी निळ्या.

तिनुकेने तिला पाहिलं. अबेनीने तोंड उघडलं.

"आली!" तिनुके किंचाळली. "बघा! बघा, मी म्हटलं नव्हतं?"

आणि ती बाई, वयाची पन्नाशी ओलांडलेली, नवरीची आई, जिने त्या दिवशी मानाने हळू हळू चालायचं असतं, ती फेटा सांभाळत धावत आली आणि अबेनीच्या गळ्यात पडली.

"मेले, कुठे होतीस दोन महिने? एकदा आली नाहीस! मला वाटलं रागावलीस. मग म्हटलं, रागवेल कशी, शिवत बसली असेल." तिनुके रडत होती आणि हसत होती. "या माझ्या बहिणी, अगं, डोकं खाल्लं माझं! म्हणे, अबेनीला घरचं कापड पाठव. म्हटलं, तिला घरचं कापड? तिला मी जे घालेन ते. म्हणे, मग निदान चिठ्ठी तरी लिही, की अर्धं तिचं आहे. मी म्हटलं, चिठ्ठी लिहावी लागली तर मग ती अबेनी कसली आणि मी तिनुके कसली! तिला दुप्पट कापड दिसलं की बास. बोसेशी पैज लावली होती मी."

"हरले मी," बोसे मागून म्हणाली.

अबेनीचे हात तिनुकेच्या पाठीवर होते. हाताखाली तिला आपणच घातलेली टीप लागत होती.

"तुला कुणी सांगितलं नाही ना?" तिनुकेने तिला दोन्ही खांद्यांना धरून जरा लांब केलं. "खरं सांग. बोसे पोटात काही ठेवत नाही. कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," अबेनी म्हणाली.

"ऐका!" तिनुकेने सगळ्या मांडवाला सांगितलं. "कुणीच नाही!" मग तिचं लक्ष गळ्यावरच्या चंदेरी वेलीकडे गेलं. तिने वेलीवरून बोट फिरवलं. "आणि स्वतःचं केवढं छान केलंस. बरं केलंस. माझं मला कुठे दिसणार आहे? दिवसभर मी तुझ्याकडेच बघणार."

ढोल पुन्हा सुरू झाले. माईकवाली म्हणाली, एका आईच्या मानपानात आता भागायचं नाही, नवऱ्यामुलाने दुसऱ्या आईपुढेही लोटांगण घालावं. आणि तो बिचारा उंच पोरगा आपल्या सगळ्या मित्रांसह अबेनीच्या पायाशी धुळीत आडवा झाला. येतुंदेने तिला "धाकटी आई" म्हणत मिठी मारली. फोटोवाल्याने तिला तिनुकेच्या शेजारी बसवलं. तिने हसायचं होतं, ती हसली. जे तिला दोन महिने हवं होतं ते सगळं, त्याहून जास्त, तिच्या ओच्यात येऊन पडत होतं, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. सांगून टाकावं, असं दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा तिनुकेने तिचा हात दाबला.

तेव्हा तिला मिसेस अजिबादे दिसली. पहिल्या रांगेत, घरच्या कापडात, ती या दोन निळ्या बायकांकडे बघत होती. बाई हसत होती, पण डोळे हसत नव्हते. तो चेहरा अबेनीने ओळखला. दोन महिने रोज सकाळी दुकानातल्या आरशात तोच बघितला होता.

नाच सुरू झाला. कांदेसालीवाल्या उठल्या. मिसेस अजिबादे उठली, आणि येतुंदेवर नोटा उधळायला तिने उजवा हात वर केला. काखेत टीप उसवायला लागली होती. अजून बोटभरच. अजून कुणाला दिसली नव्हती.

ती खुर्चीवरून कशी उठली, तिचं तिला कळलं नाही. गर्दीतून तिने बाईचा दंड धरला, हात खाली दाबला आणि तिला ओढत मांडवामागे नेलं, जिथे अमालाची मोठी पातेली चुलींवर होती.

"काय झालं?"

"टीप उसवलीय. चूक माझी. हात वर धरा, हलू नका."

फेट्यातून सुई काढून ती बाईच्या बाजूला, राखेत, आपल्या नव्याकोऱ्या निळ्या नेसणासकट गुडघे टेकून बसली आणि टाके घालू लागली. बारीक, दुहेरी, घट्ट. बाई हात वर धरून उभी होती. चुलीचा धूर दोघींच्या डोळ्यांत जात होता.

"ही लेस मी मागून घेतली," बाई एकाएकी म्हणाली. "तुम्हाला म्हणून सांगते. तीनदा मागितली. ती म्हणत होती, तुम्हाला मोरपंखी शोभेल. या शहरात माझं कुणी नाही हो. कुणाच्या तरी घरचं कापड अंगावर असावं, असं फार वाटत होतं. तिसऱ्यांदा तिला नाही म्हणवलं नाही." तिने नाक ओढलं. "तुम्हाला मागावं तरी लागलं का?"

"नाही," अबेनी म्हणाली. "मागितलं नाही."

मांडवातून हाक आली. तीस वर्षं जी हाक ऐकून ती हातातलं काम टाकून धावत होती, तीच. "अबेनी! अगं अबेनी! कुठे गेली ही? माझी जुळी कुठे गेली?"

"जा ना, बोलावतायत तुम्हाला," मिसेस अजिबादे म्हणाली. "झालं ना शिवून?"

"जाते. एवढे दोन टाके राहिलेत," अबेनी म्हणाली. टाके कधीच पुरे झाले होते. ती मान खाली घालून पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली.